तिसऱ्या किटलीचं पाणी

मंगळवार, जेवणाची सुट्टी
(सुट्टी अर्ध्याच तासाची असते, तेव्हा अक्षराकडे काणाडोळा करावा)

तीर्थरूप मामा,

तुम्हाला साष्टांग नमस्कार, आणि तुमच्या उजव्या गुडघ्याला वेगळा, कारण आई म्हणते की हल्ली तुमच्या घरात तुमच्यापेक्षा त्याचंच जास्त ऐकलं जातं. मामींना नमस्कार सांगा. त्यांच्या चष्म्याचा नंबर ठरला का, की अजून त्या तुमचाच चष्मा लावून पेपर वाचतात आणि तुम्ही समोर डोळे मिटून ऐकता? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. पत्राला दीड वर्ष उशीर झाला हे मला माहीत आहे. का झाला ते तुम्हालाही माहीत आहे, तेव्हा त्या विषयाकडे मी जरा लांबून वळसा घालून येतो. एक मात्र आधीच सांगून ठेवतो, हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे. काहीतरी काम निघालं म्हणून भाच्याला मामा आठवला, असं मनात आणू नका (मामींच्या मनात येईलच, पण त्यांची समजूत तुम्ही घाला).

तर बातमी अशी की तुमच्या भाच्याची नोकरी शाबूत आहे. सुटलो मामा, अक्षरशः सुटलो. गेले पंधरा दिवस धड झोप नव्हती. परवा सगळं मार्गी लागलं आणि मी घरी जाऊन भर दुपारी बूट घातलेल्या पायांनी पलंगावर जो आडवा झालो, तो चार तासांनी उठलो. बायकोने बूट काढायचेही कष्ट घेतले नाहीत. ती म्हणाली, माणूस घोरतोय म्हणजे बरा आहे.

आता वळसा संपवतो. दीड वर्षापूर्वी मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्ही मागच्या खोलीत कुणाची तरी वरची कवळी कानस लावून घासत होतात, आणि मी शास्त्रज्ञाच्या तोऱ्यात आमचं काम समजावून सांगत होतो. हातवारे करकरून सांगत होतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, म्हणजे प्लास्टिकला भोकं पाडतोस. इथेच माझं डोकं तापलं होतं. त्यात तुम्ही पुढे विचारलंत, आतलं सगळं निघतं का? आणि मी दोन गिऱ्हाइकांच्या देखत (त्यातल्या एकाच्या तोंडात एकही दात नव्हता, तरी तो हसला) बोलून गेलो की मामा, ते फार सूक्ष्म असतं, तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही कानस खाली ठेवलीत आणि आत निघून गेलात. तेव्हापासून आपला सगळा व्यवहार आईमार्फत चाललाय. मामा, त्या वाक्याची मला तेव्हाच लाज वाटली होती, पण लाज वाटणं आणि ती कबूल करणं यात दीड वर्ष गेलं.

आमच्या त्या मालाचं शास्त्रीय नाव फार लांबलचक आहे. आपल्या भाषेत रेणूचा ठसा घेतलेलं पॉलिमर म्हणू. तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळेल, हे आता मी शहाणा झाल्यावर सांगतो. तुम्ही मेणावर दात बसवता, ते सगळं डब्यात प्लास्टरमध्ये पुरता, मग उकळतं पाणी ओतून मेण काढून टाकता आणि त्या रिकाम्या जागी ॲक्रिलिक भरता. आम्ही अर्धं काम तसंच करतो. कांद्याच्या सालीत क्वेर्सेटिन नावाचा एक पिवळा पदार्थ असतो. तो कामाचा आहे, औषधवाल्यांना हवा असतो. पण सालीच्या अर्कात त्याच्याबरोबर इतर शंभर गोष्टींचा काला असतो. म्हणून आम्ही विकत आणलेलं शुद्ध क्वेर्सेटिन घेतो, त्याच्याभोवती ॲक्रिलिकसारखंच काहीतरी ओततो (तुमच्या त्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या लिक्विडचा सख्खा चुलतभाऊ, वास आला की मला थेट तुमची मागची खोली आठवते), ते घट्ट झालं की दळतो, आणि आतलं पिवळं धुऊन काढतो. मागे उरतात बरोबर त्याच मापाची भोकं. मग वरून सालीचा अर्क सोडला की ज्याचं माप जुळतं ते भोकात बसतं, बाकीचं पुढे वाहून जातं. बसलेल्याला आम्ल घातलेल्या आंबट स्पिरिटने बाहेर काढलं की झालं, निवडलेला माल हातात. म्हणजे तुमचं वाक्य शब्दशः खरं होतं. भोकंच आहेत ती.

या कामाला कांद्याची सालं लागतात, आणि ती किती लागतात हे आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला विचारा. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडून पिशवीभर सालं आणायचो. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, शेळी पाळलीय का? आता भररस्त्यात, मागे रांग लागलेली असताना, रेणूचा ठसा कुणी समजावून सांगावा? मी हो म्हणालो. त्या एका होकाराने माझा तीन वर्षं जीव खाल्ला. शेळीचा रंग कोणता, दूध किती देते, सालं खाऊन तिला त्रास होत नाही ना, सगळं मला सांगावं लागलं. (रंग पांढरा, कानावर तपकिरी ठिपका. दूध बेताचंच.) एकदा मी आठवडाभर तापाने पडून होतो आणि सालं न्यायला गेलो नाही, नंतर शेळीच आजारी आहे असं सांगितलं, तर त्याने तिच्या तब्येतीची इतकी काळजी केली की मला तिचं दुखणं लांबवायला लाज वाटली आणि मी तिला लगेच बरी केली. बायको म्हणते, माझ्या दुखण्यात तुम्ही एवढी आस्था कधी दाखवली नव्हती. हे विषयांतर झालं, पण खोटं एकदा तोंडातून गेलं की त्याला रोज चारा घालावा लागतो, हे पुढच्या प्रसंगासाठी लक्षात असू द्या.

आता माझी मुख्य चूक. तयार झालेली पावडर मी दोन दिवस धुतली. तिसऱ्या दिवशी बाईंनी (म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, सगळे त्यांना बाईच म्हणतात, त्यांच्या नवऱ्यासकट) विचारलं की निकाल कधी, आणि मी म्हणालो, उद्या. धुणं तिथेच थांबलं. आमच्याकडे काचेची भांडी सांभाळणाऱ्या एक काकू आहेत. त्यांच्या हातून वीस वर्षांत एक नळी फुटलेली नाही आणि त्यांच्या तोंडून वीस वर्षांत एक फालतू शब्द निघालेला नाही. त्या दोनदा माझ्याकडे येऊन म्हणाल्या की तुमची भांडी कितीही विसळली तरी तळाशी पिवळट येतं. मी म्हणालो, कांदा आहे काकू, रंग सोडणारच. त्यानंतर तर माल मोजणाऱ्या यंत्राने कहरच केला. सालीत जेवढा माल असायला हवा होता त्याच्या एकशे अठरा टक्के आम्ही बाहेर काढला. मामा, शंभराच्या वर! कुणीही शहाणा माणूस तिथेच थबकला असता. आम्ही पेढा तोंडात पडल्यासारखे खूश झालो. बाई म्हणाल्या, आपल्या कांद्याचा कसच चांगला आहे.

गेल्या महिन्यात प्रकल्पाची तीन वर्षं संपली आणि तपासणीला तिघे परीक्षक आले. त्यांनी पसंती दिली तर पुढची तीन वर्षं, नाही दिली तर मी, काकू आणि बाईंची ती खिडकीजवळची खोली, सगळ्यांना रामराम. तिघांपैकी दोघे हे थोरल्या परीक्षकांकडे बघून मत ठरवणारे होते. थोरले म्हणजे पांढऱ्या भुवयांचे, ताठ, कुणाचं काही पटलं नाही की डोळे बारीक करणारे गृहस्थ. प्रात्यक्षिक मी करायचं होतं. टेबलावर दोन बाटल्या, एकीत सालीचा अर्क, दुसरीत नुसतं कोरं स्पिरिट. उजेडाने माल खराब होतो म्हणून दोन्ही बाटल्यांना चंदेरी कागद गुंडाळलेला. मी नळी बाटलीत सोडली, बटण दाबलं, यंत्राने घोट घेतला. नंतर आंबट स्पिरिट सोडलं आणि खालच्या नळीत पिवळेधमक थेंब पडायला लागले, पडद्यावर रेघेचा डोंगर उभा राहिला. काय तो डोंगर! धाकट्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्यांनी डोळे बारीक केले नाहीत, यातच सगळं आलं. बाई सगळ्यांना शेजारच्या खोलीत चहाला घेऊन गेल्या. मी आवरायला मागे राहिलो, अर्काची बाटली उचलली, आणि ती जड लागली. झाकणापर्यंत भरलेली. तिच्यातला एक थेंब गेला नव्हता.

मी नळी चुकीच्या बाटलीत सोडली होती. आत गेलं होतं कोरं स्पिरिट, आणि बाहेर आलं होतं पिवळंधमक क्वेर्सेटिन. कांद्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. तीन वर्षांपूर्वी ठसा घ्यायला मीच आत घातलेला माल नीट न धुतल्यामुळे थोडाथोडा पाझरत होता, आणि मी तो कांद्यातून काढला म्हणून मिरवत होतो. आपल्याच खिशातला रुमाल बाहेर काढून सापडला सापडला म्हणून ओरडावं, तशातली गत. मला एकदम तुमचा आवाज ऐकू आला मामा, आतलं सगळं निघतं का? मी स्टुलावर बसलो. पलीकडे कपबश्या वाजत होत्या, कुणीतरी हसत होतं. कुणालाही काही कळलेलं नव्हतं. बाटली ओतून टाकली असती तर कधी कळलंही नसतं.

खोटं कशाला बोलू, ओतून टाकावी असं मनात आलं. मोरीपर्यंत गेलोही होतो. तिथे काकू भांडी विसळत उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि नळ बंद केला. आणि मला ती कॉलेजातली सुट्टी आठवली. तुमच्याकडे कामाला होतो, घाईघाईत एकच किटली उकळतं पाणी ओतून मेण निघालं म्हणून मोकळा झालो होतो, आणि त्या निवृत्त मास्तरांचा पुढचा दात ऐन सत्काराच्या भाषणात पहिल्या रांगेत जाऊन पडला होता. दाताच्या बुडाला मेणाचा पुसट थर राहिला की ॲक्रिलिक दात धरत नाही, हे तुम्ही तेव्हा शांतपणे समजावून सांगितलं होतंत. रागावलाही नव्हतात. एवढंच म्हणाला होतात की तिसऱ्या किटलीचं पाणी पिता आलं पाहिजे, इतकं स्वच्छ. आणि त्या दिवसापासून माझं नाव घाईपंत ठेवलंत. वय वाढलं, डिग्री वाढली, पण घाईपंत तिथल्या तिथेच राहिला. काकूंच्या समोर उभ्याउभ्या मला रडू येईल की काय असं वाटलं.

मी बाटली घेऊन तसाच चहाच्या खोलीत गेलो. थोरल्यांनी नुकतंच बिस्कीट तोंडात घातलं होतं. मी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "हा अर्क वापरलाच गेला नाही. मघाशी जे पिवळं निघालं ते कांद्याचं नाही, आमचंच आहे. मी नीट धुतलं नव्हतं." बाईंच्या कपातला चमचा आपोआप वाजला. थोरले जागच्या जागी थिजले. त्यांचा हात तोंडाकडे गेला, त्यावर रुमाल गेला, डोळे मोठे झाले, डोळ्यांत चक्क पाणी आलं. बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग त्यांनी दोनदा मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसले. धाकट्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मान हलवली म्हणजे होकार असं धरलं, आणि लिहून दिलं की पुन्हा धुवा, पंधरा दिवसांनी दाखवा. बाईंनी माझ्याकडे बघून तेव्हा जे डोळे केले ते सांगत नाही. पण संध्याकाळपर्यंत त्याही विरघळल्या. म्हणाल्या, इतकं कडक माणूस, पण तुझा प्रामाणिकपणा बघून गहिवरून आलं त्यांना. आता त्या ही गोष्ट येईल त्याला सांगतात, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या गोष्टीत थोरल्यांच्या डोळ्यांतलं पाणी वाढतं.

मग मी आणि काकू धुवायला बसलो. अकरा दिवस, मामा. आंबट स्पिरिट, मग साधं, मग पुन्हा आंबट. काकूंनी खिडकीत पांढरा कागद धरायचा आणि मी त्यासमोर नळी, पिवळ्याचा संशय आला की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांना दिसेनासं झालं तरी यंत्राला दिसत होतं, मग यंत्रालाही दिसेनासं होईपर्यंत धुतलं. बाराव्या दिवशी कोरं स्पिरिट सोडलं आणि पडद्यावर रेघ सरळ गेली. एवढी सुंदर सरळ रेघ मी जन्मात पाहिली नाही. काकू म्हणाल्या, "आता घाला तुमचा कांदा." कांदा घातला. एकसष्ट टक्के माल निघाला. ठसा न घेतलेल्या साध्या पॉलिमरमधून जेमतेम चार. एकशे अठरापुढे एकसष्ट म्हणजे काही नाही असं वाटेल, पण हे एकसष्ट कांद्याचे आहेत. परवा तिघे पुन्हा आले. थोरल्यांनी या वेळी स्वतः बाटलीचा कागद सोडून आत डोकावून बघितलं, स्वतः नळी सोडली, सगळं दोनदा करून घेतलं, आणि रुमालामागून मान हलवली. बाई तिथेच मटकन खुर्चीत बसल्या. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि मग त्याच पदराने टेबलही पुसलं. मी घरी जाऊन झोपलो, ते वर लिहिलंच आहे.

तर असं आहे सगळं. तुमचं म्हणणं बरोबर होतं, तुमचा प्रश्नही बरोबर होता, आणि कळत मलाच नव्हतं. झाल्यागेल्याबद्दल माफ करा. गुडघ्याला शेक द्या, मामींना चष्मा द्या, आणि आईमार्फत का होईना, दोन शब्द कळवा.

तुमचाच,
घाईपंत

ता. क. आता कांद्याची सालं कारखान्यातून पोत्याने येणार आहेत, त्यामुळे भाजीवाल्याला शेळीचं काहीतरी सांगणं भाग होतं. मारून टाकायला जीव होईना. म्हणून मी तिला गावाकडे मामांकडे पाठवली असं सांगितलं. त्याला फार बरं वाटलं. कधी त्याची भेट झालीच तर कानावर तपकिरी ठिपका आहे एवढं विसरू नका.

आणखी ता. क. वर जे गहिवरल्याचं लिहिलं आहे ते बाईंचं मत आहे, माझं नाही. त्याच दिवशी काकूंना कपबश्या धुताना बशीत पुढचा एक दात मिळाला. मी तो हातात घेतल्याबरोबर ओळखलं, बुडाला मेणाची चकाकी होती. कुणीतरी तिसरी किटली ओतलेली नव्हती, मामा. दुसऱ्या दिवशी दात काडेपेटीत घालून थोरल्यांच्या घरी गेलो. ते रुमालामागून म्हणाले, "मी 'बंद करा' म्हणणार होतो. तेवढ्यात हा पडला." मान का हलवलीत असं विचारलं, तर म्हणाले की दात गिळला तर नाही ना, हे जिभेने चाचपून बघत होतो. ज्या चुकीने माझी नोकरी जायची होती, तीच चूक दुसऱ्या कुणीतरी केली म्हणून ती वाचली, हे मी बाईंना सांगितलेलं नाही. तुम्हीही आईला सांगू नका.

शेवटचा ता. क. (आणि पत्राचं कारण, मामींची समजूत घातली असेल तर ती परत घ्या) येत्या सोमवारी मोठ्या बैठकीत थोरल्यांना उभं राहून आमची शिफारस वाचून दाखवायची आहे. आता त्यांचं मन आमच्या बाजूने आहे, पण चौदा माणसांसमोर खिंडार दाखवत उभा राहणार नाही, असं ते म्हणतात. त्यांचा दंतवैद्य अजून तीन आठवडे सांगतो, आणि सोमवार चुकला तर फाईल पुढच्या वर्षावर जाते, म्हणजे आम्ही घरी. मी त्यांना म्हणालो, माझे मामा आहेत. कवळी आणि दात माझ्याकडे दिले आहेत, जुनी सैल कवळी घालून ते तोवर पातळ खाऊन दिवस काढताहेत. शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने मी दारात उभा असेन. मागची खोली उघडी ठेवा, रागवायचं असेल तर काम झाल्यावर रागवा. सगळं मेण मी काढतो, तुम्ही गुडघा वर घेऊन खुर्चीत बसा आणि नुसतं बघा. तिन्ही किटल्या मीच ओतीन, आणि तिसरीचं पाणी तुमच्यासमोर पिऊन दाखवीन.